बोटीवरचे कपडे

४ मार्च
आणि वर ताई म्हणते, तुला घरचं काही पडलेलंच नाही. पडलेलं नसतं तर दर रविवारी फोन कोण करतं? बाबांना ऐकू येत नाही हा काय माझा गुन्हा? मी इकडून घसा फोडतो, ते तिकडून हॅलो हॅलो करत राहतात आणि शेवटी फोन ताईकडे देतात. ताईचं पालुपद एकच, कानाचं मशीन. दोन्ही कानांना घ्यावं लागतं म्हणे. घेऊ ना, मी कधी नाही म्हटलं? पण बोटीचं तिकीट निम्म्या दरात रोज मिळत नाही. दोन रात्री, तीन दिवस. बहिरेपण कुठे पळून जात नाही.

६ मार्च
हा खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट आहे. बोटीवर सगळे पैसेवाले. चारी बाजूंनी पाणी, जाणार कुठे? एखादा तरी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसणारच. मी सहज बोलणार, स्वतःची लाँड्री टाकायचीय, पार्टनर बघतोय. एकदा जमलं की मशीन कसलं, बाबांच्या वतीने ऐकायला पगारी माणूस ठेवीन.
राहिले कपडे. त्यात मला कोणी शिकवू नये. दोन वर्षं इथे परदेशात लाँड्रीत इस्त्री करतोय. बोटीवर जाणाऱ्यांचे कपडे माझ्याच हाताखालून जातात. दिवसा पांढरी पँट, निळा कोट. रात्री जेवायला काळा सूट, नाहीतर दारातून परत.
मामाने (नात्याने कुणाचाच नाही, खोलीत सगळ्यात वयस्कर म्हणून मामा) विचारलं, पोहता येतं का? म्हटलं, मामा, फिरायला चाललोय, बुडायला नाही.

९ मार्च
पँट घेतली. महाग. कोट घेतला. त्याहून महाग. टोपी घेतली, कॅप्टनसारखी, सोनेरी दोरीची. गरज नव्हती, पण दुकानदार म्हणाला, तुम्हालाच शोभते. जाणकार माणूस.
सूट भाड्याने. बाह्या आखूड आहेत. हात खिशात ठेवले की कळत नाही. जेवताना काय करायचं ते तिथे बघू.
मामा म्हणे, असा उभा राहिलास तर लोक तुलाच विचारतील, टॉयलेट कुठे आहे. जळतोय.

१२ मार्च
सुट्टी मिळाली. मॅनेजरसाहेबांना खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, इस्त्रीवाला आणि क्रूझवर? म्हणून बाबांना दवाखान्यात ठेवलं. सांगण्यापुरतं. म्हटलं, एवढ्या लांब जाणं होणार नाही, पण कामात लक्ष लागत नाही. साहेबांचा चेहरा पडला. स्वतःहून म्हणाले, तीन दिवस घे, घरच्यांशी फोनवर बोलत राहा. वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाटत होतं.

१५ मार्च
बॅग भरली. गॉगल दोन, एक समुद्रात पडला तर. पोहायची चड्डी, बोटीवरच्या पूलच्या काठावर बसायला लागते. उलटीच्या गोळ्या. छोटी इस्त्री टाकली होती, ती मामाने काढायला लावली. बोटीवर चालत नाही म्हणे, आग लागते. अरे, मग इस्त्रीवाल्याने चुरगळलेल्या कोटात पार्टनर शोधायचा?
ताईचा मेसेज. दुकानात बाबांना मशीन लावून बघितलं. त्यांनी वर बघून विचारलं, पंखा बिघडलाय का? पंखा नेहमीसारखाच होता, त्यांनी कित्येक वर्षांनी ऐकला. दुकानदार शुक्रवारपर्यंत मशीन बाजूला ठेवणार आहे.
परत आल्यावर उत्तर देऊ.

१६ मार्च, सकाळ. धक्क्यावर, रांगेत
सुरकुत्या नकोत म्हणून बसमध्ये उभ्याने आलो. एका आजींनी तिकिटाचे पैसे माझ्याच हातावर ठेवले. टोपीचा दरारा.

१६ मार्च, दुपार. खोलीवर
नीट लिहून ठेवतो, मामा उद्या भलतंच सांगत सुटेल.
काउंटरवरच्या मुलीने तिकीट बघितलं, गोड हसली, पासपोर्ट मागितला. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट पहिल्या दिवसापासून साहेबांच्या कपाटात. मला पासपोर्ट आहे हेच मी विसरलो होतो. साहेबांना फोन लावावा म्हणून वळलो, तर मागे रांगेत साहेब. शेजारी बाईसाहेब. साहेबांच्या अंगात मीच इस्त्री केलेला शर्ट.
कपाटाची चावी त्यांच्याच खिशात, बोट सुटायला वेळ होता. मागितली असती तर मिळालीही असती. फक्त बाबांना आधी दवाखान्यातून बाहेर काढावं लागलं असतं.
साहेबांनी मला टोपीपासून बुटापर्यंत बघितलं. तू इथे? वडील कसे आहेत? म्हटलं, तसेच आहेत, गिऱ्हाइकाची बॅग पोचवायला आलो. आणि हा अवतार? म्हटलं, हेही त्याचंच, बॅगेत चुरगळेल म्हणून अंगावर आणलं.
साहेबांचे डोळे भरले. बायकोला म्हणाले, बघ, बाप दवाखान्यात आणि पोरगा सुट्टीतही गिऱ्हाईक सांभाळतोय. मला म्हणाले, काढ तो कोट, तू घरी जा, मी बघतो. बॅगेवर केबिनचा नंबर मीच चिकटवला होता. त्यांनी कोट आणि टोपी वर ठेवून हमालाला हाक मारली. माझ्या डोळ्यांदेखत बॅग क्रूझला गेली, भाड्याच्या सूटसकट. पँट माझी आहे असं सांगितलं म्हणून अब्रू राहिली.
बाईसाहेबांनी पर्स उघडली आणि बाबांच्या औषधाला म्हणून माझ्या हातात नोटा कोंबल्या. मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. मग मूठ मिटली.

१७ मार्च
समुद्र खवळलेलाच असणार. नाही गेलो ते बरं झालं.
सुट्टी असून कामावर गेलो. साहेबांनी बोटीवरून फोन करून सगळ्यांना सांगितलंय. जो तो इस्त्रीच्या टेबलाशी येऊन विचारतो, बाबा कसे आहेत? दिवसभर बाबांची तब्येत सांगत होतो. एरवी वर्षभरात त्यांचं नाव इतक्या वेळा काढलं नसेल.
संध्याकाळी ताईला फोन केला, बाबांना द्यायला सांगितला. आज ओरडलो नाही. हळूच म्हटलं, बाबा, मी तुमच्या नावाने खोटं बोललो. ते म्हणाले, छान, छान, असंच चालू दे.
ताईला म्हटलं, आत्ता एकाच कानाचं घे, दुसऱ्याचं मी बघतो. तिने विचारलं, कुठल्या कानाचं? म्हटलं, फोन लावतात त्या.
बाईसाहेबांचे सगळे आणि माझ्याकडचे उरलेले मिळून पाठवले: नऊ हजार सातशे रुपये.