आईच्या विहिरीचं पाणी

तळेगाव (श्यामजी पंत)
१९ मे २००४

प्रिय मोहिनी,

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढे सुचत नाही, आणि हे सांगायचं तर दमानंच सांगावं लागेल. म्हणून दुपारचं दुकान बंद करून लिहायला बसलो आहे.

यंदा उन्हानं कहर केला. एप्रिलातच आपल्या ओळीतल्या सगळ्या विहिरींचा तळ दिसला. शेजारच्या चंद्रभाननं बोअर मारला, तर नुसती धूळ उडाली. टँकर चार दिवसांआड येतो. आणि आपल्या विहिरीत, पोरी, आजही पुरुषभर पाणी आहे! भर दुपारी काठावर हात टेकून मी वाकून पाहिलं. खाली आभाळाचा तुकडा हलत होता. अख्खा जन्म या घरात गेला, पण ते पाणी पाहून माझे हात आपोआप जुळले.

तुझ्या आईचे ते उद्योग तुला आठवतात ना? मृग लागण्याआधी छपराच्या पन्हाळीला पत्र्याचा नळ जोडायचा आणि वाळू-गिट्टी भरलेल्या ड्रमातून पाणी विहिरीत सोडायचं. न्हाणीचं पाणी केळीला, भांड्यांचं मागच्या शोषखड्ड्यात, तांदळाचं धुवण गाईला. एक दिवस चुकला नाही. अंगात ताप असला तरी बादली उचलायचीच. मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचो, "आमच्या घरी पाण्यालेबी सुट्टी नाई." सगळे हसायचे.

तुझ्या लग्नात तर तिनं कमालच केली. पंगत उठली की पेल्यांत उरलेलं पाणी बादलीत ओतून मांडवामागच्या कडुनिंबाला घालत होती, नवं लुगडं कमरेला खोचून. तुझ्या सासरची माणसं हसली. तू रडवेली होऊन म्हणालीस, "आई, मले लाज वाटते तुही." तिनं बादली खाली ठेवली, हात पुसले आणि आत गेली. त्यानंतर सहा वर्षांत ती वर्ध्याला तुझ्याकडे एकदाच आली, अंजूच्या बारशाला, तीही संध्याकाळच्या एसटीनं परतली. विचारलं की पाय दुखतात म्हणते. पाय दुखणारी बाई रोज एवढं पाणी वाहते का, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या पंधरवड्यापासून आपलं फाटक उघडं आहे. सकाळी बायांची रांग लागते. पहिल्या दिवशी मीच कुरकुरलो, आपल्यालाच पुरलं नाही तर? ती म्हणाली, "पानी काई माह्यं हाये का? आभायातून आलं ते." एका घरी दोन गुंड भरून पाणी, आणि अट एकच, वापरलेलं पाणी रस्त्यावर फेकायचं नाही. तिला वेडी म्हणणाऱ्या रुख्माबाईनं परवा स्वतःच्या अंगणात शोषखड्डा खणला. तिचं पाहून ओळीतल्या अकरा घरांनी गिट्टी आणली आहे. मी ओसरीवर बसून बघतच राहतो. जिच्या हातचं तीस वर्षं जेवलो, त्या बाईला मी ओळखतच नव्हतो.

काल पंचायतीचे बंडूजी विहीर पाहायला आले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "वहिनी, हे कोनं शिकवलं तुमाले?" ती ताठ उभी राहिली अन् म्हणाली, "माह्या मोहिनीनं. सातवीत होती, तवा शाळेच्या प्रदर्शनात डब्यात वाळू-गिट्टी भरून दाखवलं होतं तिनं. पोरगी एवढं समजावून सांगत होती, मंग मी करू नोको का?" तुला तरी आठवतं का ते? मी तर प्रदर्शनाला गेलोच नव्हतो, दुकान सोडवत नव्हतं. चौदा वर्षं ती तुझा धडा गिरवत राहिली, आणि आपण दोघं तिला हसलो. हो, मांडवात व्याह्यांसोबत मीही हसलो होतो. तुला ते दिसलं नसेल, तिला दिसलं होतं. माझं जे होतं ते मी आज सकाळी तिच्यापाशी बोललो. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि "च्या मांडू का?" एवढंच विचारलं. पण तुझ्या वाटचं मला बोलता येणार नाही, आणि ती तर तुला कधीच बोलावणार नाही. म्हणून हे पत्र. अंजूला घेऊन ये, मोहिनी, आणि आईला जे सांगायचं ते तूच सांग.

तुझाच,
बाबा