नॉर्माची पुढची खोली

थॉर्नगिल, डरहॅम
९ नोव्हेंबर २०१९

चि. हेझल हिस,
नॉर्माताईचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, निवडणूक लागून दहा दिवस झाले आणि खोली मागायला अजून कोणी आलेलं नाही.

दर वेळी तारीख कळली की आठवड्याच्या आत मजूर पक्षाच्या शाखेचा सेक्रेटरी दारात उभा राहतो, टोपी काढतो आणि मतदानाच्या दिवशी पुढची खोली मिळेल का, असं अगदी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं विचारतो. मीही जरा आढेवेढे घेऊन हो म्हणते. १९४५ साली बाबांनी पहिल्यांदा खोली दिली तेव्हा मी सहा आठवड्यांची होते. टेबलावर याद्या होत्या म्हणून मला कपाटाच्या खणात निजवलं होतं, असं आई सांगायची.

त्या खोलीत काय चालतं हे तुला कुठून माहीत असणार म्हणा. तू तर वर अभ्यास करत असायचीस. शाळेच्या दारात आपली माणसं मत देऊन जाणाऱ्यांचे नंबर उतरवतात, ते खोलीत येतात, मग आपल्याला मत देणाऱ्यांच्या यादीतली त्यांची नावं मी पट्टीने खोडते. संध्याकाळी पाचनंतर जी नावं उरतात त्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि माणसं दारोदार पाठवायची. यादीतल्या एकाचंही दार न ठोठावता राहू नये, हा बाबांचा नियम. तापाने फणफणलेल्यालाही बाबा शाल गुंडाळून घेऊन यायचे.

चूक माझीच म्हणतात. सप्टेंबरच्या सभेत मी उठून सांगितलं, की मी युरोपातून बाहेर पडायला मत दिलं होतं, आणि तीन वर्षांनी तेच पुन्हा विचारणार असाल तर पुन्हा तेच देईन. खाण गेली, कारखाना गेला, बिशप गावाला जाणारी बस गेली, तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. एकदाच विचारलं, तर उत्तर चुकलं म्हणून परत परीक्षेला बसवायला निघालेत. कोपऱ्यावरच्या ॲव्हरिलनेही बाहेर पडायलाच मत दिलं होतं, माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं होतं. ती हातमोज्यांची बोटं सरळ करत बसली.

इमोजेनला आणि तिच्या मुलांना गोड पापा. तुझ्या ब्रिस्टलच्या थोरामोठ्यांतून वेळ मिळाला तर दोन ओळी लिही.

तुझी,
नॉर्माताई


ब्रिस्टल
१४ नोव्हेंबर २०१९

ती. नॉर्माताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तुझ्या संधिवाताबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे तो वाढला असणार. गोळ्या वेळेवर घे.

सभेत तू बोललीस ते धाडसाचं होतं हे मान्य. पण ताई, तुझं ते मत मला अजून गिळता आलेलं नाही. इमोजेन युट्रेक्टला राहते, तिची मुलं डच बोलतात, आणि आता ती आईच्या घरून परतताना परक्याच्या रांगेत उभी राहणार. हे तू केलंस असं मी म्हणत नाही. पण करणाऱ्यांत तू होतीस. मी तीन वर्षं हे लिहायचं टाळत होते.

खोलीचं म्हणशील तर खरं सांगू? ते वाचताना सत्तराव्या वर्षीही माझ्या पोटात दुखलं. मला वर का पाठवलं जायचं हे तुला ठाऊक आहे. मी हुशार, मला ग्रामर स्कूलला जायचंय, मला अभ्यास हवा. खालून हसण्याचे आवाज यायचे, पेल्यांचे आवाज यायचे, बाबा तुला हाक मारायचे. माझ्या हातात लॅटिनचं पुस्तक असायचं. लोकांना वाटतं लाडकी मी होते.

मी मतदानाच्या आठवड्यात प्रचाराला थॉर्नगिलला यायचं ठरवतेय. शाखेला तसं कळवलंय. माझी जुनी खाट अजून आहे ना?

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी,
हेझल


थॉर्नगिल
२२ नोव्हेंबर २०१९

चि. हेझल हिस,
आशीर्वाद. या वेळी खोलीचा मान ॲव्हरिलच्या घराला मिळाला.

सांगायला सेक्रेटरी आला नाही. ॲव्हरिल स्वतः आली, आणि कशाला? तर आपलं लांब टेबल मागायला. तिच्याकडे काचेचं आहे, त्यावर याद्या घसरतात म्हणे. चौऱ्याहत्तर वर्षांची वहिवाट, आणि ती संडरलंडहून इथे आली तेव्हा आपली खाण अर्धी बंद झाली होती. तिच्या नवऱ्याने मरेपर्यंत निळ्यांना, हुजूर पक्षाला मत दिलं हे सगळं गाव जाणतं. पण तिला तोंड मिटून बसता येतं आणि तिच्या घरी खालच्या मजल्यावर संडास आहे.

टेबल मी दिलं. नाही म्हटलं असतं तर जळतेय म्हणाली असती. जळतेच आहे, पण ते तिला कशाला सांगू? तिने जाता जाता हळूच सांगितलं, की हेझलची सोयही माझ्याकडेच केलीय. तुला बाबा मिळाले, शाळा मिळाली, नवरा प्राध्यापक मिळाला. आई आणि बाबा दोघांना शेवटी भरवलं, धुतलं ते मी. माझ्याकडे म्हणून एक खोली होती, त्याही खोलीत आता तू बसणार, तेही ॲव्हरिलच्या सोफ्यावर.

तर मग ऐक. या वेळी मी निळ्यांना मत देणार. ते निदान बाहेर पडू म्हणतात आणि पडतील. बाबा थडग्यात कूस बदलतील, बदलू देत. खाट आहे, पण पक्षाची लाल फीत लावून या घरात पाऊल ठेवू नकोस.

थंडी पडलीय. मफलर आण.
नॉर्मा


ब्रिस्टल
२९ नोव्हेंबर २०१९

ती. नॉर्माताईस,
सा. न. वि. वि. ॲव्हरिलकडची सोय सेक्रेटरीने केली होती, मी नाही. मी त्याला नको म्हणून कळवणारच होते, तोवर तुझं पत्र आलं.

बाबा ज्या खोलीतून मतं गोळा करायचे त्या खोलीच्या वर झोपून, सकाळी तुला निळ्यांना मत द्यायला जाताना मला बघवणार नाही. फीत काढून ये म्हणतेस, तर ती काढल्यावर माझ्याकडे थॉर्नगिलचं काय उरतं? म्हणून मी ॲव्हरिलकडेच उतरेन. रस्त्यात भेटलीस तर ओळख दाखव.

नमस्कार.
हेझल


थॉर्नगिल
१४ डिसेंबर २०१९

चि. हेझल हिस,
आशीर्वाद. तू काल सकाळच्या गाडीने गेलीस, भेटली नाहीस. मी खिडकीतून तुझी बॅग बघितली.

सीट गेली. माझ्या जन्मापासून लालच असलेली सीट गेली आणि तुम्हाला वाटत असेल नॉर्मा नाचत असेल. म्हणून लिहायला बसलेय. मी निळ्यांना मत दिलं नाही. मी कोणालाच मत दिलं नाही.

गुरुवारी सकाळी मी निघाले होते. शाळेच्या फाटकापर्यंत गेले. तिथे आपला माणूस पावसात नंबर उतरवत उभा होता. त्याने नेहमीसारखं, नॉर्मा, आज सँडविच कोणते, म्हणून विचारलं आणि मग त्याची जीभ अडखळली. मी विसरलेलं काही आणायचंय म्हणून परत फिरले. निळ्यांच्या नावापुढे माझ्याच्याने मताची फुली झाली नसती, हे मला तिथेच कळलं. आणि आपण होऊन जाऊन लाल फुली मारायची, तर ती कोणासाठी? ज्यांनी मला बाजूला टाकलं त्यांच्यासाठी?

मग मी ठरवलं. यादीत माझं नाव आहे. पाच वाजता ते खोडलेलं नसेल. नियमाप्रमाणे कोणी तरी माझं दार ठोठावणार, मग तो ॲव्हरिलचा माणूस असो, तू अस, कोणी का असेना. नुसतं आलं आणि चल म्हणालं, तर काही न बोलता जायचं आणि बाबांच्या पक्षाला देऊन यायचं. युरोपाचं भांडण नंतर भांडू. हेझल, मी साडेचारला कोट घातला, टोपी घातली आणि पुढच्या खोलीत दिवा लावून बसले. समोर दोन घरी माणसं आली, तिथल्यांना घेऊन गेली. दहा वाजता मतदान बंद झालं तेव्हा मी कोटातच होते.

म्हणजे माझं नाव यादीतच नव्हतं. ॲव्हरिलने ते आधीच काढून टाकलं असणार. खोली घेतली, टेबल घेतलं, त्याचं मला इतकं वाटलं नव्हतं. मी आता या जन्मात तिच्याशी बोलणार नाही. शाखेचं सभासदाचं कार्डही परत पाठवतेय, पाकीट लिहून ठेवलंय.

तुझ्यावर राग नाही. तू पाहुणी होतीस, यादी तुझ्या हातात नव्हती.

आपली,
नॉर्माताई


ब्रिस्टल
१८ डिसेंबर २०१९

ती. नॉर्माताईस,
सा. न. हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. कार्डाचं पाकीट टाकलं नसशील तर टाकू नकोस.

तुझं नाव यादीत होतं. पाच वाजता ॲव्हरिलने सगळ्यांत पहिली चिठ्ठी तुझी लिहिली आणि मला दिली. आधी नॉर्माला आण, म्हणाली. मत कोणाला देते ते देऊ दे, पण मग तिला इथेच घेऊन ये, या याद्यांचा माझ्याच्याने मेळ बसत नाही, तिच्यावाचून हे काम होत नाही. स्वतःची छत्रीही दिली.

मी तुझ्या फाटकापर्यंत आले. पुढच्या खोलीत दिवा होता. तू टोपी घालून बसलेली मला दिसली.

तू निळ्यांना मत द्यायला निघाली आहेस असं वाटून मी थांबले, असं फाडलेल्या पहिल्या तीन पत्रांत लिहिलं होतं. ते खोटं आहे. त्या दिवशी सकाळपासून मी त्या टेबलाशी बसले होते. पट्टी माझ्या हातात होती, लोक येऊन मला नंबर देत होते, कोणी तरी मला बाबांची मुलगी म्हणालं. जन्मात पहिल्यांदा मी खाली होते. तुला घेऊन गेले असते तर तू आत येताच पट्टी तुझ्या हातात गेली असती आणि मी पुन्हा वर. म्हणून मी चिठ्ठी खिशात घातली आणि परत जाऊन ॲव्हरिलला सांगितलं, की बरंच ठोठावलं, नॉर्माने दार उघडलं नाही. तिचा चेहरा पडला.

तिला तू हे सगळं सांग. मी तिला लिहायला बसले होते, पण धीर झाला नाही. तुझा तिच्यावर राग नको, एवढंच. लोभ ठेवायचा की नाही ते तुझ्यावर सोडते.

हेझल


थॉर्नगिल
२२ डिसेंबर २०१९

चि. हेझल हिस,
पत्र पोचलं. नाताळला येऊ नकोस. ईस्टरचं मी कळवीन.

काल ॲव्हरिल टेबल परत द्यायला आली. तिच्या भाच्याने गाडीतून आणलं, पुसून आणलं होतं. चहा घेतला. पेला खाली ठेवून तिने विचारलं, की गुरुवारी हेझल एवढं दार ठोठावत होती, तर मी उघडलं का नाही. गावात सगळे तेच विचारताहेत, म्हणाली. बाबांच्या घराचं दार पक्षाला बंद झालं, असं बोलतात.

मी तिला सांगितलं, हो, हेझल आली होती. मीच उघडलं नाही.

नॉर्माताई