घासून काढलेली कडी

४ जाने., रवि.

जमिनीतला धातू शोधायचं हे मशीन आमच्या अंकुशनं मागवलं होतं, व्हिडिओ बनवायला. आठवडाभर कॉलनीच्या मैदानात फिरवलं, मग पोट्टा कंटाळला, पुण्याला नोकरीवर गेला, मशीन पलंगाखाली. आता माझ्या हातात. रविवारी घरात बसलं की मला अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं. ह्यांची सिलतऱ्याला कारखान्यात शिफ्ट. ओटा तरी किती वेळा पुसायचा?

ऑफिसातल्या दुलारीचं शेत अभनपूरच्या अलीकडे. धान कापून झालंय, नुसते खुंट. ती म्हणाली, दीदी, खुशाल फिरा. स्कूटीनं गेले. खिळे, बाटलीची बुचं, गुटख्याच्या चमकत्या पुड्या. मशीन प्रत्येकाला सारख्याच उत्साहानं ओरडतं. दुपार कलताना शेताच्या बांधाशी, धुऱ्याजवळ, वीतभर खाली, रुपया. चांदीचा, राजाछाप.

घरी नेईपर्यंत धीर कुठला. धुऱ्यावरच फतकल मारली. आधी थुंकी, मग बाटलीतलं पाणी, जुना टूथब्रश, डब्यातली लिंबाची फोड. राजाची दाढी दिसायला लागली. वरच्या कडेला एक काळा खडा चिकटला होता, काही केल्या निघेना. नेलकटरच्या कानशीनं घासून काढला. आता कसा गोल गरगरीत दिसतो.

११ जाने., रवि.

परत गेले. आणखी एक, पहिल्यापासून दोन पावलांवर. तसाच राजा, तसाच खडा. हात बसलाय आता, लगेच निघाला.

हे म्हणाले, "काहून हे झंझट घेऊन राहिली? पोलीस उचलून नेतील तुले." म्हटलं, शेत दुलारीचं (दु.चं), रुपयेही दु.चे, मला फक्त शोधायची हौस. दु. आठवडाभर रजेवर आहे, सासू आजारी. फोटो पाठवणार होते, पण नको. उद्या येतेय, हातातच देईन. तिचा चेहरा बघायचाय.

१२ जाने., सोम.

चेहरा बघितला.

रुमाल उघडला तेव्हा ती हसली नाही. एक रुपया उचलला, वरच्या कडेवरून बोट फिरवलं. "दीदी, यहाँ कुंदा नहीं था?" कुंदा म्हणजे ओवायची कडी. मी म्हणाले, घाण होती थोडी, काढली. ती खुर्चीत बसली आणि मग सांगायला लागली.

सासूची रुपियामाळ होती. इकडच्या बायका गळ्यात घालतात ती, प्रत्येक रुपयाला डाख देऊन कडी बसवलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. दु. लग्न होऊन आली त्याच साली माळ हरवली. सासूचं म्हणणं, पेटीत ठेवली होती, नव्या बहूनं माहेरी पोचवली. तेव्हापासून पेटीला कुलूप आणि किल्ली सासूच्या कमरेच्या दोऱ्यात. आंघोळीला दोरा सोडला तर किल्ली मुठीत. दु.चे केस पिकले, लेकीचं लग्न झालं, किल्ली तिथंच.

माळ गळ्यातच असणार, धानाच्या रोवणीत वाकताना तिचा दोरा तुटला असणार, म्हातारीला कळलंच नसणार. चिखलात साक्ष पडून होती, रुपयावरची कडी. ती मी नेलकटरनं घासली. स्वतःचा इतका राग आला की दुपारचा डबा तसाच परत आणला.

१३ जाने., मंगळ.

दु.नं काल रुपये सासूच्या हातात दिले. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत काहीच नाही. म्हातारीनं अंगठा कडेवरून फिरवला. दोन्ही गुळगुळीत. "ए मोर नोहे. बजार ले बिसा के लाने हस." म्हणजे बाजारातून विकत आणलेस, माझे नाहीत. दु. हे हसत सांगत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, सोनाराकडून कड्या परत लावून आणते, खर्च माझा. ती म्हणाली, "फिर तो मैं सच में चोर हो जाऊँगी, दीदी."

१५ जाने., गुरु.

दु. सांगत होती, सोमवारी नहर सुटतेय, कालव्याचं पाणी. उन्हाळी धानासाठी शेत पाण्याखाली, मग चिखलणी. त्यानंतर काय उरणार. कडी शाबूत असलेला एखादा रुपया त्याआधीच सापडायला हवा. उद्याची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, पोट सांगितलं.

अंकुशला फोन केला. "मम्मी, फील्ड में सिक्का साफ़ नहीं करते, मैंने वीडियो में बोला तो था." पाहिला असता तर ना त्याचा व्हिडिओ.

१६ जाने., शुक्र.

खिळे. एक विळ्याचं पातं. पाठ धरलीय. धुऱ्याची ती बाजू पूर्ण...

नाही, पूर्ण नाही. बोरीखालचा तुकडा राहिला.

१८ जाने., रवि.

हेसुद्धा आले. मी बोलावलं नव्हतं. खुरपं स्वतःच पिशवीत टाकलं आणि स्कूटीवर मागे बसले. सकाळभर काही नाही. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर, त्यामुळे मशीनचा आवाज नीट ऐकूही येईना. मी चिडचिड केली तर म्हणाले, "थोडा दम खा, मले दे."

बोरीखाली त्यांनाच लागलं. मुठीएवढं ढेकूळ, त्यातून रुपयाची कड बाहेर आलेली. कडेला कडी. कडीत दोऱ्याचा काळा तुकडा.

माझा हात बाटलीकडे गेला. खरंच गेला, सगळं माहीत असून. ह्यांनी मनगट धरलं. "राहू दे. मातीसकट राहू दे."

तसंच पिशवीत घालून गावात दु.च्या घरी. म्हातारी खाटेवर बसलेली. दु.नं ढेकूळ तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं नखानं माती फोडली, सावकाश, पदर मातीनं भरला. अंगठा कडीशी पोचला आणि थांबला.

"कहाँ मिलिस?"

"मेड़ तीर," दु. म्हणाली. धुऱ्याजवळ.

बस. मूठ मिटली, तोंड भिंतीकडे. आम्ही चहा घेतला, निघालो. वाटेत मी ह्यांना तीनदा विचारलं, तिला पटलं असेल का. तिसऱ्यांदा ते म्हणाले, समोर बघून चालव.

२० जाने., मंगळ.

काल पाणी सुटलं. दु. आज ऑफिसला आली. विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, तिची खुर्ची सरकायच्या आत विचारलं.

म्हातारी काही बोललेली नाही. रुपया मुठीतच. डाव्या हातानं जेवते. सकाळी दु.नं तिला आंघोळ घातली, कमरेचा दोरा सोडला. किल्ली धरायला म्हातारीनं नेहमीसारखा उजवा हात पुढे केला, पण त्यात रुपया होता. मग किल्ली खाटेवरच राहिली. आंघोळ होईपर्यंत तिथंच, उघड्यावर, दु.च्या हाताशी.

"मग?"

"मग काय दीदी. मैंने वापस बाँध दी."

"तेव्हा काही बोलल्या?"

"नहीं. हाथ ऊपर कर दिए, बस. बाँधने दिया."

संध्याकाळपासून तेच डोक्यात. इतकी वर्षं किल्लीला हात लावू दिला नाही, आज बांधू दिलं. दु.लाही कळलं नाही त्याचा अर्थ काय, मला तर नाहीच. भाजी करपली. आता परत ओटा पुसतेय.