विटांवरचा शेंदूर

६ जानेवारी
कोहरा. दुपारपर्यंत गंगा दिसलीच नाही. बर्फ कारखाना पाडणार असं कळलं, म्हणून बँकेतून अर्धी सुट्टी काढून गेले. फाटकावर चौकीदाराने कॅमेरा पाहिला आणि हात आडवा घातला. "दीदी, मालिक मना किये हैं. फोटो-ओटो नहीं." म्हटलं, मेरा भाई यहीं मरा था. "तब तो और नहीं." मेला शेकोटीवर हात शेकतोय, लाज नाही.
बाहेरून भिंतींचे काढले थोडे. सगळे राखाडी, निकामी. मला मागचा दरवाजा हवाय.

८ जाने.
जेवताना आप्पा सहज म्हणाले, बर्फ कारखान्याच्या जागेवर हॉटेल होतंय, भूमिपूजन माझ्याकडे आहे. नंदू यांचाच मुलगा ना?
"यजमानाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, वैजू."
रीत! यंत्रातला अमोनिया वायू सुटला तेव्हा कामावर नंदू आत एकटा होता. कारखान्याच्या मालकाचं, सेठचं, तेव्हापासून एकच: मागचा दरवाजा उघडा होता, तुमचा मुलगा झोपला होता म्हणून निघाला नाही. विटा घालून तो बुजवला म्हणे नंतर, कारखाना बंद पडल्यावर, चोरांच्या भीतीने. आप्पांनी हे गिळलं. दुर्गाघाटाची अख्खी गली नंदूला झोपाळू म्हणते. पहाटे काकडआरतीला हाक न मारता उठणारा घरात तो एकटाच होता.

११ जाने.
आप्पांशी अबोला. चहा समोर ठेवते. परवा ते जागा बघायला जाणार. पिशवी उचलायला कुणीतरी लागतंच.

१३ जाने.
गेले. खांद्यावर आप्पांची पिशवी, शालीखाली कॅमेरा. तोच चौकीदार, आज "पंडितजी की बिटिया" म्हणून हात जोडतो. सेठने चहा मागवला. प्याले नाही. तो आप्पांना ईशान्य कोपरा दाखवायला लागला, तेवढ्यात आत शिरले.
छप्पर अर्धं गेलंय. बर्फाच्या लाद्यांचे साचे गंजून एकमेकांना चिकटलेत, वर कबुतरांची घाण. कंप्रेसर विकून खाल्ला, नुसता ओटा उरलाय. मागच्या भिंतीत चौकट. चौकटीत विटा. विटांवर शेंदराचं स्वस्तिक.
खांबाला टेकून फोटो काढले.
नंदूचंच. स्वस्तिकाचा एक हात बाकीच्यांहून लांब, वाकडा, आमच्या घरच्या दारावर आहे तसाच. इथले मजूर विश्वकर्मा पूजेला झेंडूच्या माळा घालायचे. खंडेनवमीला तेलात शेंदूर कालवून यंत्रांना नि दारांना लावणारा हा एकटाच. बुजवलं तरी दार ते दारच, म्हणून वेड्याने विटांनाही लावला. आणि गेला तो पुढच्या माघात. म्हणजे तो जिवंत असतानाच दार बुजवलेलं होतं. पळणार कुठून?
मागून सेठ. "ले लो, बिटिया, फोटो ले लो. पूजा होते ही तोड़ाई इधर से ही शुरू है."
हसत होता. भिंत गेल्यावर माझ्या फोटोला कोण विचारतंय, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचं वाटोळं होवो. हे मी शुद्धीवर असताना लिहितेय.

१४ जाने.
संक्रांत. शुभकार्य न करायचा खरमास संपला, उद्याच मुहूर्त. फोटो छापून आणला, तिळगुळाच्या ताटलीत ठेवला आणि ताटली आप्पांपुढे नेली. गोड बोला म्हटलं नाही.
फोटो खिडकीशी नेऊन बघत बसले.
"हात लांब काढलाय," म्हणाले. "किती वेळा सांगितलं त्याला."
"विटांवर आहे, आप्पा."
"दिसतंय मला."
"उद्या जाणार?"
तिळगूळ घेतला नाही. फोटोही परत दिला नाही.
संध्याकाळी बघते तर सोवळ्याचं धोतर स्वतः धुऊन दोरीवर टाकलेलं. सोवळ्याचं दुसरं कोरडं धोतर होतं, तेही भिजवलंय. या कोहऱ्यात सकाळपर्यंत काही वाळत नाही, आणि कोरड्या सोवळ्याशिवाय पूजेला बसता येत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आत घ्यायला मी गेले नाही.