गडग्यापाशी अकरा दुपारी

आई, तुझं खुब्याचं हाड मोडलं त्या वर्षी मी वेंगुर्ल्यात व्यायामोपचाराचं काम नुकतंच सुरू केलं होतं, आणि संध्याकाळी जिला मागे ठेवून घरी जाता येत नाही अशी तू माझी पहिली रुग्ण होतीस. आज मी नव्या मुलींना शिकवते तेव्हा सुरुवात तुझ्यापासूनच करते. त्यांना सांगते, रुग्णाला व्यायाम दाखवणं सोपं असतं, तो टिकवणं अवघड. उपदेशाने काही टिकत नाही. रुग्णाच्या दिवसात जे आधीच ठरलेलं असतं, ज्याच्यावाचून त्याला करमत नाही, ते शोधावं आणि व्यायाम त्याला घट्ट बांधावा. हे सांगताना मला अजूनही हुरूप येतो.

तुझ्या दिवसातलं ते म्हणजे शेजारची काकी. चारच्या चहाला ती आपल्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, यायची आणि तुम्ही दिवे लागेपर्यंत गावाची धुणी धुवायचात. ऑपरेशननंतर तू खाटेवरून हलेनास, तेव्हा मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, उद्यापासून खळ्यात येऊ नका. आवाराच्या टोकाला कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा आहे, त्याच्या पलीकडे उभ्या राहा. आई तिथवर चालत आली तरच बोला.

"मी काय गुळाचो खडो आसंय, मुंगयेक ओढून आणूक?" ती म्हणाली. पण तिने ऐकलं.

पहिले दोन दिवस तू खाटेवर तोंड फिरवून पडून राहिलीस. मी चहासुद्धा दिला नाही. तिसऱ्या दिवशी तू वॉकर मागितलास. मी तुझ्या मागून चालत होते, हात न लावता. गडग्यापलीकडून काकी ओरडत होती, "चल बये, गडगो काय तुझ्याकडे चलत येवचो नाय."

"तुझी जीब मात्र गडग्यावरून उडी मारता," तू धापा टाकत म्हणालीस.

दोन महिन्यांत तुझ्या हाती फक्त काठी राहिली. आणि मग एका सकाळी काकीचा मुलगा तिला मुंबईला घेऊन गेला. तू आंघोळीला गेली होतीस. गाडी थांबवून ती मला म्हणाली, "आवशीक सांग, दिवाळेक येतंय." मी हो म्हणाले.

दुपारी सांगायचं ठरवलं होतं. पण चार वाजता तू न सांगता उठलीस, काठी घेतलीस आणि निघालीस. हातात वेळ मोजायचं घड्याळ धरून खिडकीतून बघताना माझ्या मनात आलं की आता खरी परीक्षा आहे. गोडी काढून घेतली तरी पाय चालतात का? तू गडग्याला हात टेकून पाऊण तास उभी राहिलीस आणि परत आलीस. मी वहीत लिहिलं, 'आमिषाविना, पहिला दिवस.' अशा अकरा दुपारी गेल्या. जेवताना तू एकदा विचारलंस, तिला बरं नाही काय? मी म्हणाले, असेल.

बाराव्या दिवशी मासेवालीने तुला रस्त्यावरून सांगितलं. तू वाटेत कुठे न थांबता परत आलीस.

"तू माका सांगूक नाय."

मी तुला सगळं नीट समजावून सांगितलं. आधी आमिष लागतं, मग शरीर आपणहून उठतं, यालाच सवय म्हणतात, आणि तुझी सवय आता पक्की झाली आहे. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस.

"म्हणजे मी बरी झालंय?"

"हो."

"मगे आता बसतंय."

तू बसलीस ती बसलीसच. मी रागावले, हात जोडले, पुन्हा चहा बंद केला. तू चहा सोडून दिलास. दिवाळीला काकी आली तेव्हा तुला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती. तिला तू माझ्याबद्दल काहीच सांगितलं नाहीस. पुढचा पावसाळा तू पाहिला नाहीस.

वर्गात मी अकराव्या दिवसापाशी थांबते. मुली टिपून घेतात, आणि मी त्यांना घेऊ देते. हे पत्र त्यांच्या हाती पडणार नाही, आणि तुझ्यापर्यंत पोचायला वाट नाही. म्हणून एवढंच लिहिते. पाचव्या दुपारी गडग्यापाशी उभी असताना तू वळून खिडकीकडे पाहिलंस. तुला दिसू नये म्हणून मी पडद्याआड सरकले, आणि तू परत तोंड फिरवेपर्यंत हातातलं घड्याळ बंद केलं नाही.