पालथा दगड

उमेळे,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

केनी,

आईचं डोकं फिरलंय, असं परक्या बाईला फोन करून सांगायला तुला काहीच वाटलं नाही? हेमांगीने मला सगळं सांगितलं. ती तुझ्यासारखी नाही, जे असेल ते तोंडावर सांगते. तू तिला म्हणालास, आईला भास होतात, तिला चालायला नेऊ नका, दगडाचे फोटो काढून टाका. मला भास होत नाहीत. कालच सुईत दोरा मी ओवला, चष्मा न लावता. शेजारणीला तीनदा जमला नव्हता.

आता जय ख्रिस्त. तू, डायना, जीना, सगळे बरे असाल. मी बरी आहे. गुडघे दुखतात, ते दुखणारच. आंब्याला मोहोर चांगला आहे. केळीचे दोन घड उतरवले, पिकले की कुणी पुण्याला येणारं असेल त्याच्या हाती पाठवीन. फोन केला नाही, कारण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग डायनाकडे देतोस. कागदात कुणाला मधे बोलता येत नाही. तिसरीपर्यंतच शाळा झाली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुला वाटतं मी कुठे डोंगर चढायला जाते. तसं काही नाही. हेमांगी कॉलेजात इतिहास शिकवते, विरारला राहते. महिन्यातून एका रविवारी ती मुंबईकडची माणसं घेऊन येते. उमेळ्यातून निघायचं, मिठागराच्या कडेने, जुने क्रूस आणि बावखलं बघत पापडी, मग पारनाका, मग किल्ला. बावखलं म्हणजे वाडीतली पाण्याची तळी हेसुद्धा त्या लोकांना समजावून सांगावं लागतं. सपाट रस्ता, तरी दोन दोन काठ्या टेकत चालतात. एकाने मला विचारलं, आजी, तुम्ही रोज किती पावलं चालता? मी म्हटलं, मोजत बसले असते तर स्वयंपाक कुणी केला असता. आधी ती माझ्या अंगणात चहाला थांबायची. मग मीच म्हटलं, चहा पाजून घरात काय बसू, मी पण येते. पायात तुझ्या बापसाच्या चपला घालते. त्या अजून टिकल्यात.

सव्वीस जानेवारीला तुझी जीना इथे होती, ती पण आली. पोरगी चालते छान, बोलते कमी. तुझ्यावर गेली नाही.

किल्ल्यात पोर्तुगीजांच्या त्या मोडक्या देवळात जमिनीला थडग्यांचे दगड आहेत. लहानपणापासून मी त्यांवरून चालत आलेय, आपण सगळेच. पोरं तिथे क्रिकेट खेळायची. हेमांगीने सगळ्यांना कडेने चालायला लावलं. एका ठिकाणी दगडांच्या ओळीत नुसती माती होती. ती म्हणाली, इथला दगड कुणीतरी घरी नेलाय. रागावून नाही म्हणाली. म्हणाली, आजूबाजूच्या गावांत किल्ल्याचे दगड पायऱ्यांना लागलेत, विहिरींना लागलेत. सगळे माना हलवत होते. मी बसले. पाय दुखत होते म्हणून बसले.

तुला ठाऊक आहे आपला धुण्याचा दगड कुठून आला. तुझ्या आजोबांनी, क्लेमेंटबाबांनी, बैलगाडीतून आणला. तेव्हा सगळे आणायचे, कुणी विचारत नव्हतं. विहिरीच्या काठाचे चार दगडही तिथलेच. धुण्याचा दगड पालथा घातला होता, खालच्या बाजूला काय आहे ते कुणाला माहीत असणार? आपटा, घासा, वाळत घाला. तुमचे कपडे, वाडीतले चिखलाचे कपडे, तुझ्या बापसाच्या शेवटच्या आजारातल्या चादरी, सगळं त्याच्यावर धुतलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जीनाला म्हटलं, हा दगड उलटायचाय. वाडीत कामाला येणारा बळीराम आणि त्याची दोन माणसं आली. पहार घालून उलटला. खाली ओली माती आणि गांडुळं. जीनाने पाणी ओतून ब्रशने घासला. अक्षरं आली. ती खाली बसून मोबाईल धरून एकेक अक्षर जुळवायला लागली. तिने पहिलं अक्षर म्हणायच्या आधी माझ्या तोंडून नाव गेलं. इनेझ.

पोरीने वर बघितलं. आणि परत ब्रश उचलला. मी सांगितलं ना, ती बोलते कमी.

मग तिने मोबाईलवरून काढलं, दोन वर्षांची मुलगी असावी, बाकीचं झिजलंय. फोटो तुला पाठवला तो तिने, तिला ओरडू नकोस. मीच पाठव म्हटलं होतं. वाटलं तू येशील. तुझा फोन आला तो असा, की आई, वाडीचं बोलणं होत आलंय, घेणाऱ्याला कळलं तर सरकारी लफडं नको म्हणून तो पळेल, दगड परत पालथा घाल, नाहीतर फोडून विहिरीच्या भरावात टाक. म्हणजे विहीर बुजवायचं पण ठरलं होतं. ते मला तेव्हा कळलं.

दगड गेला, केनी. गेल्या गुरुवारी. बळीरामने टेम्पोत पेंढा पसरला, चार माणसांनी चढवला, मी पुढे बसले. किल्ल्याची देखरेख करणाऱ्यांची खोली आहे, तिथला माणूस जेवत होता. त्याला कळेचना काय करायचं. लोक दगड नेतात तेव्हा काय करायचं हे त्याला ठाऊक होतं, आणून देतात तेव्हा काय, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. भला माणूस. हात धुऊन आला, वही काढली, मला म्हणाला, आजी, आपण "सापडला" असं लिहू, तुम्हाला त्रास नको.

मी म्हटलं, "सापडला नाही. आणला. माझ्या सासऱ्याने आणला, आणला असंच लिही."

त्याने लिहिलं. क्लेमेंट मच्याडो यांनी नेला, सून आल्बिना गॅब्रिएल मच्याडो हिने परत आणला. मी सही केली. कागद माझ्याकडे आहे. आपला दगड त्या मोकळ्या जागेचाच, असं मी म्हणत नाही. हेमांगी म्हणते माप जुळत नाही. नसेल जुळत. कुठे ठेवायचा ते ते लोक ठरवतील. माझ्या विहिरीपाशी नाही, एवढं नक्की.

वर मी लिहिलं, खालच्या बाजूला काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं. ते खोटं आहे. खोडत नाही, कागद घाण होतो.

१९७४ साली तू तीन महिन्यांचा होतास. पावसात तो दगड एका बाजूने खचला. पाणी साचायचं. तुझा बापूस आणि बळीरामचा बाप श्रीपत, दोघांनी पहारीने उचलला, खाली मुरूम घालायला. तेव्हाच अक्षरं दिसली. तुझ्या बापसाने थॉमस मास्तरांना बोलावलं. मास्तरांना ती भाषा येत नव्हती, पण नाव लागलं त्यांना, इनेझ. म्हणाले, गॅब्रिएल, हे लहान पोराचं थडगं आहे. तुझ्या बापसाने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, उद्या गाडी जोडतो आणि किल्ल्यात नेऊन ठेवतो.

तू आतापर्यंत वाचताना समजत असशील, की बाप नको म्हणाला असेल. नाही. मी नको म्हणाले. माझ्या हातात तुझ्या लंगोटांची बादली होती. मी म्हटलं, "मग धुणं कशावर धुऊ, तुझ्या डोक्यावर? मेलेल्या पोरीला दगड कशाला हवा? माझं पोर जिवंत आहे."

श्रीपत खाली बघत होता. मास्तर घरी गेले. तुझ्या बापसाने खाली मुरूम घातला, दगड परत पालथा घालून सारखा केला आणि मी तिथेच बसून तुझे लंगोट धुतले. नंतर कधी त्याने विषय काढला नाही. फक्त वाडीतून आल्यावर त्याने त्या दगडावर पाय धुतले नाहीत, मरेपर्यंत. विहिरीला वळसा घालून पलीकडे जायचा आणि चिखलाचे पाय घेऊन घरात यायचा. मी वर्षानुवर्षं त्याला त्यावरून बोलले. का ते मला माहीत होतं, तरी बोलले.

म्हणून सांगते, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, आपल्याला जगायचंय, असं तू त्या फोनवर म्हणालास, ते कुठून उचललंस हे मला विचारू नकोस. मी तुला दोष देत नाही. पण आता मी गप्प बसणार नाही, आणि मला वेडी ठरवून गप्प करता येणार नाही. फादरांना सांगून झालं. शेजारी सांगून झालं. पुढच्या रविवारी हेमांगीची माणसं येतील, त्यांना मी त्या जागेशी उभं राहून स्वतः सांगणार आहे, कुणी नेला आणि कुणी ठेवून घेतला. फोटो काढायचे तेवढे काढू देत. कपडे मी आता मोरीत धुते. कंबर धरते, मशीनचं नाव काढू नकोस.

आणि विहिरीचे चार दगड. ते पण मी त्या माणसाला सांगितले, त्याने विचारायच्या आधी. राखेच्या बुधवाराआधीच्या सोमवारी, तीन मार्चला, त्याची माणसं बघायला येणार आहेत. तो म्हणाला, आजी, तुम्ही एकट्या सांगताय, घरातलं आणखी एक माणूस उभं राहून हो म्हणालं तर बरं पडेल, नाहीतर उद्या तुमचाच मुलगा म्हणेल म्हातारीला भास झाला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मनाने बोलला. वाडी विकायची की नाही, ते त्यानंतर बघू. विहीर तोवर कुणी बुजवत नाही, मी काठावर खुर्ची टाकून बसले आहे असं समज.

तुला मी ये म्हणत नाही. तू आलास तर काय म्हणशील ते मला पाठ आहे. ते मी तुझ्या आधी, तू पाळण्यात असताना म्हणून बसलेय. ते उत्तर मला परत ऐकायचं नाही.

तुझे लंगोट धुतलेली, आणि ते कशावर ते माहीत असलेली,
तुझी आई,
आल्बिना

हे पत्र वाचून झालं की जीनाच्या हातात दे, पहिल्या ओळीपासून, एकही पान न काढता. तीन तारखेला माझ्या शेजारी उभी राहणार की नाही, ते तिने लिहायचं. मोडक्या मराठीत चालेल. तू नाही, डायना नाही. उत्तर जीनाने द्यायचं.