माझ्या अल्सरचा आरोपी

॥ श्री ॥

पनवेल,
बुधवार, १७ एप्रिल १९९६

चि. कमळाकर यास,

चारुदत्तदादाचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद लिहिताना हात जरा अडखळला, पण भांडण आपलं आहे, आशीर्वादाने कोणाचं काय केलंय? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिणार होतो, परंतु नेमकी त्याचीच शंका आल्यामुळे हे पत्र लिहायला घेतलं आहे. तुझी आणि सौ. सुनंदाची प्रकृती उत्तम असावी. पाताळगंगेला यंदा पाणी कितपत आहे? (विचारायची पद्धत म्हणून विचारलं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.) माझ्या रेवाच्या लग्नानंतर माझं तुला हे पहिलंच पत्र. अक्षर ओळखशील, कारण पाटीवर तुझा हात धरून गिरवून घेतलं ते मीच.

आता मुद्द्यावर येतो. डॉ. सत्यजीत नावाच्या माणसाला तू ओळखतोस काय? खरं सांग. लाईन आळीत त्याने नवा दवाखाना थाटला आहे. मिसरूड कालच फुटल्यासारखं दिसतं, पण दारावरच्या पाटीवर पदव्या मावत नाहीत. सुमतीने मला तिथे ओढून नेलं आणि त्या मुलाने माझ्या संसाराला सुरुंग लावला.

माझा अल्सर तुला ठाऊक असेलच. नसला तर नवल आहे, कारण तो तुझ्यामुळे झाला हे मी पनवेलपासून पेणपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. रेवाच्या लग्नपत्रिकेत तुझं नाव सुमतीच्या भावाच्या खाली छापलं गेलं (छापखान्याची चूक, हे मी तेव्हाही सांगत होतो), ते पाहून तू भर मांडवातून पाय आपटत निघून गेलास, आणि त्याच आठवड्यात माझ्या पोटात आग पडली. आपले जुने डॉक्टर म्हणाले, मनस्तापाने झालं आहे. मनस्ताप म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ते नाव मी घातलं, आणि तेव्हापासून तुझ्या दारची पायरी चढलो नाही.

हा अल्सर म्हणजे नुसतं दुखणं समजू नकोस. तो झाल्यापासून या घरात मला कोणी उलटून बोललेलं नाही. शेजारचा रेडिओ मोठा झाला की सुमती खिडकीतून नुसतं "यांचं पोट" म्हणायची आणि रेडिओ गप्प. गॅसच्या सिलिंडरसाठी नंबर लावणं, कोणाच्या बारशाला जाऊन ताटकळत बसणं, सोसायटीच्या सभेत चिटणीसपद गळ्यात पडणं, या सगळ्यातून मी मोकळा होतो. वाद निघाला की पोटावर हात ठेवायचा, वाद तिथेच मिटायचा. (दर वेळी नाटक नसायचं, बरं का. दुखायचंही. कधी कधी तर उशी पोटाशी घेऊन बसून राहायचो आणि तुझ्या नावाने बोटं मोडायचो.) आणि आता हा मुलगा मला सांगतो, "काका, मनस्तापाने अल्सर होत नाही. फार तर दुखणं जास्त जाणवतं. तुमच्या पोटात जंतू आहे. दोन आठवडे गोळ्या घ्या, जंतू मरेल, अल्सर भरून येईल. आता जगभर हेच मानतात."

जगभर! मी विचारलं, पोटात एवढं आम्ल असताना जंतू तिथे जगतो कसा? तर म्हणे तो आपल्याभोवती आम्ल मारणारा पदार्थ तयार करतो आणि वर्षानुवर्षं मजेत राहतो. मी म्हटलं, पुरावा काय? तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरचं म्हणणं कोणी ऐकून घेईना, म्हणून त्याने हे जंतू कालवलेलं पाणी पेलाभर स्वतःच पिऊन टाकलं आणि थोड्याच दिवसांत ओकाऱ्या काढत बसला. हे सांगताना सत्यजीतच्या डोळ्यांत भक्तिभाव दाटून आला. माझ्या मनात मात्र त्या माणसाची बायको आली. घरात धड जेवण असताना नवरा जंतू पिऊन येतो, म्हणजे त्या बाईने काय म्हणायचं? आणि असल्या माणसाच्या भरवशावर मी माझा अल्सर सोडून द्यायचा?

परीक्षेचा प्रकार तर त्याहून संशयास्पद. घशातून दुर्बीण खाली उतरवून त्याने पोटाच्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा काढला (माझ्या पोटाचा, परत लावला नाही). तो एका पिवळ्या औषधात टाकला आणि थोड्या वेळाने ते सगळं गुलाबी झालं. "बघा," म्हणाला. बघितलं. हळदीला चुना लावला की लाल होते, हे जत्रेतले बाबा लोकांना कधीपासून दाखवतायत, त्यांनी कधी पाटीवर पदव्या लावल्या नाहीत. बाहेर बाकावर रोडपालीचा हरेश म्हणून एक जमीनवाला बसला होता. मी पोट धरून बसलेला पाहून स्वतःहूनच म्हणाला, "काका, तुमी उगाच घाबरता. मना पन तोच जंतू व्हता. गोल्या खाल्ल्या, आता कोलंबीचा कालवण खातो, काय नाय होत." जादूगार लोक आपला एक माणूस प्रेक्षकांत बसवतात हे मला माहीत असल्यामुळे मी लगेच विचारलं, मग बरा झालास तर इथे कशाला आलास? तर शेजारच्या बाईकडे बोट दाखवून म्हणतो, "बायकोला आनलाय. तिला पन हाय." त्या बाईने मान डोलावली. दोघांचाही चेहरा अगदी सरळ होता, आणि मला तीच गोष्ट खटकली.

घरी परतताना सुमती सहज म्हणाली, डॉक्टरांचं आजोळ आपट्याला आहे. सहज! कमळाकर, मी नोकरीत उभी हयात विम्याचे खोटे दावे पकडण्यात घालवली आहे. डॉक्टरचं आजोळ आपट्याला, तू राहतोस आपट्याला, आणि डॉक्टरचा निकाल काय, तर कमळाकर निर्दोष. म्हणून विचारतो, तू त्याला भेटला होतास का? त्याच्या मामाला कधी आंबे पाठवलेस का? जंतू खोटा असेल तर आत्ताच सांग. कारण जंतू खरा निघाला तर माझी पंचाईत आहे. मग इतकी वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही ते कशासाठी, हे लोक मला विचारतील. लोकांचं सोड, त्यांना मी थापा मारीन. पण मला स्वतःलाच काही सुचत नाहीये.

पुढचं ऐक. घरात पाऊल टाकताच सुमतीने विचारलं, "म्हणजे आता तुम्हाला काहीही सांगितलं तरी चालेल ना? मनस्तापाचा संबंध नाही म्हणाले ना डॉक्टर?" मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मी हो म्हणालो आणि वर्षानुवर्षं तुंबलेलं धरण फुटलं. आमच्या चिरंजीवांनी, निनादने, पहिली नोकरी सोडली नव्हती, त्याला काढलं होतं. माझी आरामखुर्ची दुरुस्तीला गेलेली नसून मोडीत गेली आहे. सोसायटीच्या लोकांनी मला सभेला बोलावणं बंद केलं ते माझ्या पोटासाठी नव्हे, माझ्या तोंडासाठी. आणि सगळ्यात शेवटी, भाजी निवडता निवडता, मान वर न करता तिने सांगितलं की मी रोज जो मऊ भात खातो, तो तांदूळ आपट्याहून येतो.

मी हातातला भाताचा वाडगा खाली ठेवला. तू म्हणे दरसाल एक पोतं बाजूला काढून जुनं होऊ देतोस, कारण जुना तांदूळ पचायला हलका, आणि स्वतः एसटीत चढवून देतोस. वर सुनंदा कोकमं देते. त्या तांदळाची मी गावभर तारीफ केली आहे. आमच्या वाण्याला दुकानात जाऊन शाबासकी दिली आहे. (तो बिचारा गोंधळला होता, तो का ते आत्ता कळलं.) म्हणजे माझ्या पोटात आग लावणारा तू, आणि त्याच पोटात भात घालणाराही तूच. यामागे तुझा हेतू काय? मला वाटतं, एवढं करून कधी ना कधी मला खजील करायचं हाच असावा. तसं असेल तर अभिनंदन.

आज सकाळी मी एकटाच पुन्हा दवाखान्यात गेलो, उलटतपासणी घ्यायला. जंतू आहे हे एक वेळ धरून चालू, पण तो आला कुठून? सत्यजीत म्हणाला, बहुधा लहानपणीच लागतो, घरातल्या घरात. नक्की कसा, ते अजून शोधताहेत. मग त्याने विचारलं, "लहानपणी कोणाबरोबर एका ताटात जेवायचात का?"

कमळाकर, मी खुर्चीवरून उठलोच! आई आपल्या दोघांना एकच ताट वाढायची. मधोमध तू भाताचा बांध घालायचास आणि आमटी हळूच माझ्या हद्दीत सोडायचास. लाडू चावून, उष्टा करून, मग "दादा, तू खा" म्हणून उदार व्हायचास. तुला गोवर आला होता तेव्हा तुझ्या वाटचा पेजेचा वाडगासुद्धा मीच संपवायचो, कारण अन्न टाकलेलं आईला खपत नसे. म्हणजे आरोपी तूच, फक्त कलम बदललं! मी हे मोठ्या आवाजात सांगितलं. त्यावर तो कारटा शांतपणे म्हणाला, "काका, तो तुमच्याकडून त्यांना गेला असेल असंही होऊ शकतं." याकडे मी लक्ष दिलेलं नाही. तूही देऊ नकोस.

तेव्हा वरील सर्व बाबींचा खुलासा आठ दिवसांत करावा. सौ. सुनंदास आशीर्वाद, आणि कोकमं चांगली होती.

तुझा थोरला भाऊ,
चारुदत्त

ता. क. (गुरुवार, सकाळ) : पत्र पाकिटात घालणार तोच सुमतीने ते वाचलं. (ती माझी सगळी पत्रं वाचते, हा संशय मला होताच.) वाचून झाल्यावर तिने ते घडी घालून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, एक सांगायचं राहिलं आहे. तूही म्हणे बरीच वर्षं पोट धरून बसतोस आणि आपट्यात ज्याला त्याला सांगतोस की दादाच्या पत्रिकेने माझं पोट जाळलं. म्हणजे इथे मी तुला आरोपी करतोय आणि तिथे तू मला! छापखान्याची चूक होती, किती वेळा सांगायचं? पण ते राहू दे. काल संध्याकाळी सुनंदाने शेजाऱ्यांकडे फोन केला होता. गेले काही दिवस तुला शौचाला डांबरासारखं काळं होतंय आणि नदीवरून वर येताना तू चक्कर येऊन बसलास, हे तिने रडत सांगितलं. आणि तू तिला बजावलं होतंस म्हणे, "दादाला कळवू नको, त्याला मनस्ताप होईल."

ता. क. २ : चप्पल न घालता दवाखान्यात गेलो. काळं म्हटल्याबरोबर सत्यजीतने हातातलं पेन खाली ठेवलं. "आत रक्तस्राव होत असणार. आजच्या आज आणा, उद्यावर टाकू नका." या माणसावर संशय घ्यावा असं मला फार वाटलं, घेता आला नाही. तो खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं. कमळाकर, मला भीती वाटते आहे. तुझं पोट माझ्यामुळे जळलेलं नाही, माझं तुझ्यामुळे नाही. जंतू आहे. जगभर मानतात, आता आपण दोघांनीही मानू या.

ता. क. ३ : पोस्टावर माझा विश्वास नाही, म्हणून हे पत्र मीच घेऊन निघालो आहे. रिक्षात लिहितोय, अक्षर हललं आहे ते रस्त्यामुळे. तोंडाने सांगायला गेलो तर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण होईल, म्हणून सुनंदाच्या हातात हे देतो आणि शेवटचं पान वर ठेवायला सांगतो. मागची पानं दवाखान्यात वाच आणि काय शिव्या द्यायच्या त्या तिथे दे. मी तुझ्या अंगणात उभा आहे, रिक्षा थांबवून ठेवली आहे. सदरा घाल आणि बाहेर ये. चालवत नसेल तर नुसती हाक मार, मी आत येतो.